प्रदक्षिणेचा हिशेब : आकारांच्या गणिताची प्रस्तावना

औंढा नागनाथच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना भिंत फार वेळ सरळ जात नाही. दोन-चार पावलांवर ती आत वळते, पुन्हा बाहेर येते, परत वळते. तेराव्या शतकात, यादवांच्या काळात उभ्या राहिलेल्या या देवळाचा खालचा भाग मूळचा आहे. शिखर नंतरचे, पेशवाईच्या धाटणीचे. खालच्या भागातली कोपऱ्यांची गर्दी पाहिली की वाटते, हा आकार आकड्यांत मांडायचा तरी कसा? पण या गर्दीत एक हिशेब असा आहे की तो चुकूच शकत नाही.

भिंतीला लागून चालायचे आणि वळणे मोजायची. प्रदक्षिणेत देव उजव्या हाताला असतो, म्हणून बाहेर आलेल्या कोपऱ्यावर आपण उजवीकडे वळतो आणि आत गेलेल्या कोपऱ्यावर डावीकडे. कोपरे सगळे गुण्यात बसणारे, म्हणजे काटकोनी असतील, तर उजवी वळणे डाव्या वळणांपेक्षा नेमकी चारने जास्त भरतात. कोपरे वीस असोत की दोनशे, मंडप किती पुढे काढला आहे याने काही बिघडत नाही. फरक चारच राहतो. निघालो तिथेच, निघताना होते त्याच दिशेला तोंड करून आपण परत आलो, म्हणजे एकूण एक पूर्ण फेरा झाला. प्रत्येक उजवे वळण 90 अंशांची भर घालते, प्रत्येक डावे तेवढीच वजा करते. उरतात 360 अंश, म्हणजे चार काटकोन. भिंत वाकडी, गोल, नागमोडी असली तरी स्वतःला न छेदणाऱ्या कोणत्याही बंद वाटेवर वळणांची गोळाबेरीज 360 अंशच येते. हे पटकन पटते, पण त्याची काटेकोर सिद्धता सोपी नाही. हाइन्झ हॉप्फने 1935 मध्ये दिलेली सिद्धता आजही शिकवली जाते.

हे पुस्तक अशाच हिशेबांचे आहे. गुंतागुंतीचा आकार कसा मांडायचा आणि मांडल्यावर त्यातले काय समजते, हा त्याचा विषय. शाळेत आपण चौकोन, वर्तुळ, शंकू, इष्टिकाचिती एवढ्यावर थांबतो, आणि मग नदी, डोंगर, देऊळ, झाड हे भूमितीच्या बाहेरचे आहेत असा समज आयुष्यभर राहतो. तो समज घालवणे हा या पुस्तकाचा हेतू आहे. माझ्या मते आकार समजला असे तेव्हाच म्हणावे, जेव्हा तो सांगायला कमीत कमी किती पुरते हे कळते, आणि एवढेच सांगितल्यावर त्यातले काय गळून पडते हेही कळते. गणिताच्या प्रत्येक पद्धतीत काहीतरी गाळलेले असते. पुढची सगळी प्रकरणे वाचताना हा एकच प्रश्न विचारत राहावा : इथे काय ठेवले आणि काय सोडले?

देवळांच्या तलविन्यासात याचे सर्वांत देखणे उदाहरण सापडते. दख्खनच्या सूत्रधारांना, म्हणजे देवळे रचणाऱ्या स्थपतींना, ताऱ्याच्या आकाराचे गाभारे प्रिय होते. कर्नाटकात गदग जिल्ह्यातल्या डंबळ गावी दोड्डबसप्पाचे बाराव्या शतकातले देऊळ आहे; त्याच्या विमानाला, म्हणजे गाभारा आणि त्यावरचे शिखर यांना, 24 टोके आहेत. 24 टोकांचा तारा म्हटले की प्रत्येक टोकाची जागा वेगळी मोजावी लागेल असे वाटते. कागदाचा चौकोन घ्या, मध्यावर टाचणी रोवा, कडेने रेघ ओढा. चौकोन 15 अंशांनी फिरवा, पुन्हा रेघ ओढा. असे सहा चौकोन एकावर एक आले की बाहेरच्या कडेला 24 टोकांचा तारा उभा राहतो. सहाव्यांदा फिरवाल तर चौकोन पहिल्या जागीच येऊन बसेल. सगळा आकार सांगायला एक चौकोन, एक मध्य आणि एक कोन पुरतो. जमिनीवर हे काम खुंटी आणि दोरीने होते.

आता या ताऱ्याभोवती फिरा. प्रत्येक टोक चौकोनाचाच कोपरा असल्याने तिथे उजवीकडे 90 अंश वळावे लागते. खाचेत मात्र डावीकडचे वळण 75 अंशांचेच असते, कारण शेजारचा चौकोन 15 अंशांनी फिरलेला आहे. एका टोकामागे 15 अंश उरतात, टोके 24, गुणाकार 360. मघाचाच हिशेब, फक्त चारऐवजी चोवीस ठिकाणी विभागलेला. आणि हा तारा त्याच मध्याभोवती 15 अंशांनी फिरवला तर फिरला की नाही हे पाहणाऱ्याला ओळखताच येणार नाही. औंढ्याला नामदेवांसाठी देऊळ फिरल्याची कथा घरोघरी सांगतात. नंदी देवळाच्या मागे आहे तो त्यामुळेच, असे मानतात. ती भक्तीची गोष्ट आहे आणि तिला भूमितीच्या दाखल्याची गरज नाही. पण फिरवल्यावर काय बदलते आणि काय बदलत नाही, हा प्रश्न भूमितीतही तितकाच महत्त्वाचा आहे. सममितीचा सगळा अभ्यास त्याच प्रश्नातून निघतो.

या पद्धतीत काय सुटते? झिजलेला दगड सुटतो. कुठल्या कोपऱ्याची कपची उडाली, कुठली मूर्ती फोडली गेली, कुठे पुढच्या पिढीने चुन्याचा गिलावा दिला, यातले काहीही 'चौकोन फिरवा' या नियमात मावत नाही. त्यासाठी उलट टोकाची पद्धत लागते. पुरातत्त्वाच्या नोंदीसाठी हल्ली लेझर स्कॅनर लावतात. तो भिंतीवरचे लाखो बिंदू टिपतो, संगणक शेजारच्या तीन-तीन बिंदूंना जोडून त्रिकोण करतो, आणि सगळ्या देवळावर त्रिकोणांची जाळी चढते. ही जाळी प्रामाणिक असते. कपची उडालेली जागा ती तशीच दाखवते. पण तिला 'कोपरा' म्हणजे काय हे ठाऊक नसते, खांब आणि भिंत यांत ती फरक करत नाही, आणि हा तारा चौकोन फिरवून झाला आहे हे तिला कळत नाही. नियम थोडक्यात सगळे सांगतो आणि जखम विसरतो. जाळी सगळे लक्षात ठेवते, पण तिला त्यातले काही समजलेले नसते. जीर्णोद्धार करणाऱ्याला दोन्ही लागतात, आणि या दोहोंमधली ये-जा, म्हणजे जाळीतून नियम हुडकून काढणे, हे आजच्या संगणकीय भूमितीतले सर्वांत अवघड आणि माझ्या मते सर्वांत मोलाचे काम आहे.

माणसाने घडवलेल्या आकारात नियम असणारच, असे कुणी म्हणेल. मग जमिनीतून उपटलेला आकार घेऊ. वसमतच्या बाजारात हळद येते ती शिजवून, वाळवून, पॉलिश करून. तिचा खरा आकार पाहायचा तर काढणीच्या वेळी शेतात जावे. मातीसकट उपटलेल्या कंदाला ना सरळ कड, ना सममिती. हा आकार कसा सांगणार? शेतकरी तो रोज सांगतो. लावलेल्या बेण्यातून वाढलेला मधला तो जेठा गड्डा, त्याच्या कडेला फुटलेले ते बगल गड्डे, आणि बाजूला फुटून लांबट वाढतात ती हळकुंडे. या नावांत जाडी नाही, लांबी नाही, पृष्ठभागाचा खडबडीतपणा नाही. कोण कुणातून फुटले एवढेच आहे. तरी एवढ्यावर बेणे निवडता येते, प्रतवारी करता येते, भाव ठरतो.

गणितात याला आकाराचा सांगाडा म्हणता येईल. हॅरी ब्लम यांनी 1967 मध्ये तो काढण्याची रीत सुचवली. आकार म्हणजे वाळलेल्या गवताचे रान आहे असे समजायचे आणि त्याच्या कडेला सगळीकडून एकाच क्षणी आग लावायची. आग सारख्या वेगाने आत सरकत जाते. दोन बाजूंच्या ज्वाला जिथे समोरासमोर भिडून विझतात, त्या जागांची मिळून एक रेघ तयार होते. लांबट आकारात ती मधोमध जाते, फांदी फुटली असेल तिथे तिलाही फांदी फुटते. रेघेवरच्या प्रत्येक बिंदूपाशी आग पोहोचायला किती वेळ लागला याची नोंद ठेवली तर जाडीही हाती राहते, आणि मूळ आकार पुन्हा भरून काढता येतो. हळदीच्या कंदाला ही रीत लावली तर जेठा, बगल आणि हळकुंड या नावांचा वृक्षच हाती येईल. एक अडचण मात्र आहे. सालीवर बारीकसा फोड असला तरी सांगाड्याला तिथे एक खोटी फांदी फुटते. ती खरी की खोटी हे ठरवायला आजही पुष्कळ डोके चालवावे लागते, आणि त्यावरचे प्रकरण या पुस्तकात थोडे लांबले आहे. लांबले ते बरे झाले.

स्वतःच्याच लहान प्रतींनी बनलेल्या आकारांबद्दल, म्हणजे फ्रॅक्टलबद्दल, थोडक्यात सांगतो, कारण त्यांच्यावर मराठीत बऱ्यापैकी लिहून झाले आहे. बेन्वा मँडेलब्रॉ यांनी 1967 मध्ये ब्रिटनच्या किनाऱ्याची लांबी किती, असा प्रश्न विचारला. उत्तर पट्टीच्या लांबीवर अवलंबून आहे, हे त्यातून ठळकपणे पुढे आले. हिंगोलीतून वाहणाऱ्या कयाधूचेही तेच : नकाशा जितका मोठ्या प्रमाणाचा, तितकी नदी लांब भरते. मुंबईच्या आयआयटीतल्या औद्योगिक अभिकल्प केंद्राचे कीर्ती त्रिवेदी यांनी 1989 मध्ये हिंदू देवळांची रचना या दृष्टीने तपासणारा लेख प्रसिद्ध केला. सिन्नरच्या गोंदेश्वराचे भूमिज शिखर पाहिले की त्यांचे म्हणणे पटते : छोट्या शिखरांच्या ओळी चढत जातात आणि त्यांतूनच मोठे शिखर घडते. पण दगडातली पुनरावृत्ती तीन-चार पायऱ्यांवर थांबते, गणितातली थांबत नाही. हा फरक विसरून देवळांना सरसकट फ्रॅक्टल म्हणत सुटणे मला मान्य नाही. जिथे पुनरावृत्ती थांबते तिथेच सूत्रधाराचा निर्णय दिसतो.

आता प्रदक्षिणा मोठी करू. देवळाऐवजी सगळ्या हिंगोली जिल्ह्याला, 1 मे 1999 रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या या भूभागाला, सीमेवरून फेरी घालायची आणि वळणे मोजायची. पेनगंगेच्या नागमोडी काठाने गेलो तरी गोळाबेरीज 360 अंश यायला हवी. ती येत नाही. सुमारे 23 सेकंद कमी पडतात. इथे सेकंद म्हणजे अंशाचा 3600 वा भाग. मोजणाऱ्याची ही चूक नव्हे. जमीन सपाट नाही, गोलावर आहे, हे त्याचे कारण. आणि ही तूट सीमेच्या वेड्यावाकड्या वळणांवर अजिबात अवलंबून नाही. ती फक्त आत किती क्षेत्र आहे यावर ठरते. साडेचार हजार चौरस किलोमीटरच्या आसपासचे क्षेत्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या वर्गाने भागले की तेवढीच तूट मिळते. जिल्हा दुप्पट असता तर तूट दुप्पट झाली असती.

गोलाच्या पृष्ठभागाशी आपल्या मुलखातल्या विद्वत्तेचे नाते जुने आहे. भास्कराचार्यांनी 1150 मध्ये सिद्धान्तशिरोमणी पूर्ण केला. गोलाचे पृष्ठफळ म्हणजे परिघ गुणिले व्यास, हे त्यांनी पृष्ठभागाच्या फाका करून, त्यांचे लहान लहान तुकडे मोजून दाखवले. त्रिकोणांच्या आजच्या जाळीमागेही तुकड्यांचाच विचार आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी त्यांचे नातू चांगदेव यांनी स्थापलेल्या मठाला दिलेल्या दानाची नोंद त्यात आहे; एकोणिसाव्या शतकात भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांपुढे आणला. हे यादवांचेच राज्य, आणि औंढ्याचे देऊळ त्याच शतकातले. पुढे 1802 मध्ये विल्यम लॅम्बटनने मद्रासेहून त्रिकोणमितीय मोजणी सुरू केली. अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वाहून नेत, टेकडीवरून टेकडी हेरत त्याने देशावर त्रिकोणांची साखळी ओढली. जानेवारी 1823 मध्ये वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला त्याचा मृत्यू झाला. त्याच्या त्रिकोणांचे तिन्ही कोन मिळवले की 180 अंशांपेक्षा किंचित जास्त भरत. ही वाढ आणि आपली 23 सेकंदांची तूट म्हणजे एकाच गोष्टीच्या दोन बाजू.

कार्ल फ्रीडरिश गाउस यांनी 1827 मध्ये याचा मोठा अर्थ लावला. पृष्ठभाग सोडून बाहेर न जाता, त्यावरच फिरून, तो किती वक्र आहे हे सांगता येते. म्हणजे सीमेवरून फेरी घालणाऱ्याला पृथ्वी गोल दिसायला आकाशात जावे लागत नाही. 1854 मध्ये बर्नहार्ट रीमान यांनी हीच कल्पना कितीही मितींच्या अवकाशाला लागू केली, आणि त्या भूमितीवर आइन्स्टाइन यांनी 1915 मध्ये गुरुत्वाकर्षणाचा सिद्धांत उभा केला. वस्तुमान अवकाशकालाला वाकवते, आणि प्रचंड वस्तुमाने एकमेकांभोवती घुमली की त्या वाकाच्या लाटा निघतात.

या लाटा टिपण्यासाठी औंढा नागनाथ तालुक्यातच, दुधाळा गावाजवळ, लायगो-इंडिया ही वेधशाळा होत आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये तिला तत्त्वतः मान्यता मिळाली आणि एप्रिल 2023 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे 2,600 कोटी रुपये मंजूर केले. तिची रचना इंग्रजी एल अक्षरासारखी : काटकोनात दोन भुजा, प्रत्येक चार किलोमीटर लांब. लेझरचा किरण सरळ जातो, जमीन मात्र वळते. चार किलोमीटरच्या एका टोकाशी काढलेली सरळ आडवी रेघ दुसऱ्या टोकाशी जमिनीपासून जवळजवळ सव्वा मीटर वर गेलेली असते. म्हणून इथे किरणाची नळी नुसत्या पाणसळीत बसवून भागत नाही. पाणसळ पृथ्वीच्या गोलाईबरोबर वळते आणि किरण वळत नाही. आणि हे सगळे ज्यासाठी, तो भुजेच्या लांबीतला फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षाही शेकडो पटींनी लहान असतो.

इतकी क्षीण लाट गोंगाटातून ओळखायची कशी? इथे आकारांचे गणित दुसऱ्यांदा येते, आणि त्याचा मोठा भाग पुण्यात घडला. दोन जड तारे किंवा कृष्णविवरे एकमेकांत विलीन होताना निघणाऱ्या लाटेला ठरावीक आकार असतो. वस्तुमाने बदलली की तो बदलतो. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत संजीव धुरंधर आणि बी. एस. सत्यप्रकाश यांनी 1991 मध्ये, अशी एकही लाट प्रत्यक्ष टिपली जाण्याच्या चोवीस वर्षे आधी, हे मांडले की अपेक्षित लाटांचे नमुने किती आणि कोणत्या अंतराने तयार ठेवावेत. प्रत्येक लाट हा एका अफाट मितींच्या अवकाशातला एक बिंदू मानला, तर सगळ्या शक्य लाटा मिळून त्यात एक वक्र पृष्ठभाग तयार होतो. त्यावर नमुन्यांचे बिंदू असे पेरायचे की कोणतीही खरी लाट कुठल्या ना कुठल्या नमुन्याच्या जवळ पडेल. जिल्ह्याची मोजणी करणाऱ्याने कोणत्या टेकड्या निवडाव्यात, तसाच हा प्रश्न आहे; फक्त हा मुलूख डोळ्यांना दिसत नाही.

नमुने असंख्य होतात आणि शेजारचे नमुने एकमेकांशी खूप मिळतेजुळते असतात. मग थोडे पायाभूत आकार निवडायचे आणि बाकीचे त्यांच्या मिश्रणाने बांधायचे. लायगोच्या विश्लेषणात ही युक्ती वापरली जाते. तिच्या मुळाशी असलेला विचार दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी 1943 मध्ये, पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात शिकवत असताना, प्रसिद्ध केला होता. पुढे कारहुनेन आणि लोएव यांनी तो स्वतंत्रपणे मांडला आणि जगाने त्या दोघांची नावे त्याला दिली. आता अनेक अभ्यासक कोसंबींचे नावही जोडतात. गोव्यात जन्मलेल्या या माणसाला आपण इतिहासकार म्हणून ओळखतो, पण वक्र वाटांच्या भूमितीवरचे त्यांचे कामही तितकेच मोठे आहे. मराठी वाचकाने ते ओळखावे अशी माझी मनापासून इच्छा आहे.

पुस्तक कसे वाचावे याबद्दल थोडे. पहिली प्रकरणे दहावीच्या भूमितीवर समजतात. कागद, कात्री आणि टाचणी जवळ ठेवावी. वक्रतेच्या प्रकरणांना कलनशास्त्र लागते, पण सूत्रे ओलांडून आकृत्यांवरून पुढे गेलात तरी धागा सुटत नाही. आणि शेवटच्या प्रकरणातला एक प्रश्न आत्ताच सांगून ठेवतो, कारण तो शाळकरी मुलालाही समजतो आणि अजून पूर्ण सुटलेला नाही. ऑटो टोप्लित्झ यांनी तो 1911 मध्ये विचारला : स्वतःला न छेदणाऱ्या कोणत्याही बंद रेषेवर असे चार बिंदू सापडतातच का, की ते एका चौरसाचे कोपरे असावेत? सूत्रधार चौकोनातून गुंतागुंतीची कड काढत होता; इथे गुंतागुंतीच्या कडेवरून चौकोन मागितला आहे. गुळगुळीत रेषांसाठी उत्तर होकारार्थी आहे. जोशुआ ग्रीन आणि अँड्र्यू लॉब यांनी 2020 मध्ये, अशा रेषांवर हव्या त्या प्रमाणाचा आयतही सापडतो हे सिद्ध केले. सरळ तुकड्यांनी बनलेल्या रेषेवरही चौरस सापडतोच. पण ज्या रेषेला कुठेच धड दिशा नाही, तिच्याबद्दल शंभर वर्षांनंतरही उत्तर मिळालेले नाही. छापील नकाशावरची हिंगोली जिल्ह्याची सीमा शेवटी छोट्या सरळ तुकड्यांचीच असते, तेव्हा तिच्यावर असा एक तरी चौरस नक्की आहे. त्याचे चार कोपरे कोणकोणत्या तालुक्यांत पडतात, हे पट्टी आणि गुण्या घेऊन शोधता येईल.